आजोबांची पेटी आणि आपला अभ्यासक्रम

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतले एक जुने कार्यकर्ते गेले. जलदान विधीनंतर घर आवरताना त्यांच्या खाटेखालची पत्र्याची पेटी रिकामी झाली. त्यात ‘प्रबुद्ध भारत’चे अंक होते, धम्म परिषदांच्या वर्गणीच्या पावत्या होत्या, १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहात तुरुंगातून घरी लिहिलेली पत्रं होती. मला कळलं तोवर सगळं किलोच्या भावाने रद्दीवाल्याकडे गेलं होतं. धावत गेले, तेव्हा हाती फक्त चार पावत्या आणि एक फाटकं हस्तपत्रक लागलं.

त्या घरातली नात बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय इतिहास. ती रडत म्हणाली, “ताई, हा इतिहास आहे हे मला कुणी सांगितलंच नाही.”

मी तिला दोष देणार नाही. मी समाजशास्त्रात एमए केलं, संशोधन पद्धतीच्या पेपरात प्राथमिक आणि दुय्यम साधनांची व्याख्या लिहून गुण मिळवले. त्याच आजोबांच्या ओट्यावर बसून कितीदा चहा प्यायले. पण “बाबा, पेटी उघडून दाखवा” असं एकदाही म्हणाले नाही. ज्या शिक्षणाने मला व्याख्या दिली, त्यानेच माझी नजर घराबाहेर वळवली.

आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयांत इतिहास कसा शिकवतात? गाइड, नोट्स आणि अपेक्षित प्रश्न. महाडच्या सत्याग्रहाला दोन ओळी मिळतात: २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं, २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. झाला धडा.

आता हाच धडा कागद समोर ठेवून शिकवून बघा. १९२३ चा बोले यांचा ठराव. त्यानुसार १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं खुलं करणारा केलेला ठराव. ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच नगरपालिकेने तो मागे घेतला. डिसेंबरमध्ये सवर्णांनी दावा लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम आणला. खालच्या दोन्ही न्यायालयांत हरल्यावर ते उच्च न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ ला तिथेही हरले. न्यायालयाने विचारलं होतं, अस्पृश्यांना पाणी न देण्याची ही प्रथा अनादी काळापासूनची आहे याला पुरावा काय? तो त्यांना देता आला नाही.

विचार करा. ज्या प्रथेला धर्म म्हणत होते, सनातन म्हणत होते, ती कागदावर सिद्ध करायची वेळ आली तेव्हा हात रिकामे निघाले. एका ओंजळीमागे दहा वर्षांची कोर्टबाजी होती, हे दोन ओळींच्या धड्यातून कुणाला कळणार? आणि हे कागद दुर्मीळही नाहीत. निकाल छापलेला आहे. ‘बहिष्कृत भारत’चे अंक शासनाने १९९० मध्ये ‘मूकनायक’सोबत एकत्र प्रसिद्ध केले. किती महाविद्यालयांच्या वाचनालयात तो खंड आहे, आणि असला तर कपाटाबाहेर किती वेळा येतो?

पुराव्याची किंमत आपल्याला नव्याने शिकवायला नको. जातीच्या दाखल्यासाठी १९५० आधीची नोंद शोधत आपले लोक शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरसाठी हेलपाटे घालतात. तेच रजिस्टर वर्गात आणलं तर? गावात आपलं पहिलं मूल शाळेत कधी गेलं? पहिली मुलगी कधी? किती जण चौथीच्या आत गळले? महार वतनाच्या नोंदी तलाठ्याकडे, पुराभिलेखागारात आहेत. पण सरकारी कागद राज्यकर्त्याच्या डोळ्यांनी बघतो. त्यात वतनदार महाराचं नाव सापडेल, त्याच्या बायकोचे कष्ट सापडणार नाहीत. म्हणून वस्तीतली पेटी हवी आणि म्हाताऱ्या बायांचा आवाजही हवा. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून दारोदार फिरल्या, म्हणून १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ उभं राहिलं. नाहीतर चळवळीतल्या त्या स्त्रिया आपल्याच इतिहासातून पुसल्या गेल्या असत्या.

आता थोडं कडू. बाबासाहेबांच्या फोटोखाली कुणाचंही वाक्य चिकटवून पुढे ढकलण्यात आपले ग्रुप मागे नाहीत. कुठल्या भाषणात, कुठल्या साली म्हटलं, हे कुणी विचारलं तर त्यालाच “विरोधक” ठरवतो. ज्या माणसाने प्रत्येक विधान आधार देऊन मांडलं, त्याच्या नावावर निराधार वाक्यं खपवणं हा त्याचा गौरव नव्हे. मूळ कागद वाचायची सवय लागलेला विद्यार्थी आधी दुसऱ्यांचं खोटं पकडेल, मग आपलंही पकडेल. त्याची आपल्याला भीती वाटता कामा नये.

प्राध्यापक म्हणतात, वेळ नाही, पोर्शन संपत नाही. मग नव्या धोरणात फील्ड प्रोजेक्टला श्रेयांक ठेवलेत ते कशासाठी? नेटवरून वीस पानं उतरवून फाइल सादर करण्यापेक्षा प्रत्येक विद्यार्थ्याने वस्तीतला एक कागद आणावा. तो कुणी लिहिला, कुणासाठी, कधी, त्यात काय लपवलंय, एवढे चार प्रश्न विचारावेत.

फक्त एक अट. कागद घरच्यांचा आहे. मोबाइलवर फोटो काढा, मूळ प्रत घरी परत द्या, संमती घ्या, खासगी मजकूर उघडा करू नका. आमच्या आज्यांच्या आठवणींवर कुणाची पीएचडी व्हावी आणि घरात त्याची एक प्रतही पोचू नये, हे आता चालणार नाही.

आमच्या अभ्यासिकेत त्या चार पावत्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवल्या आहेत. एकीवर आठ आण्यांची नोंद आहे. मजुरीतून आठ आणे काढून देणाऱ्या माणसाचं नावही त्यावर आहे. त्या नातीने आता गल्लीतल्या बाकीच्या पेट्यांची यादी करायला घेतली आहे. तुमच्या घरातली पेटी कुठे आहे? रद्दीवाला येण्याआधी उघडा.

जय भीम.