प्रत्ययाची जागा

रायपूरची पुरानी बस्ती हिंदीत ‘पुरानी बस्ती में’ होते, मराठीत ‘पुरानी बस्तीत’. हिंदी (सर्वनामे वगळता) कारकचिन्ह सुटे लिहिते, मराठी प्रत्यय नामाला जोडते. व्याकरणाच्या पहिल्या पाठातला हा भेद संगणकावरील लेखनात अनपेक्षित ठिकाणी आडवा येतो.

जॉन ग्रूबर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मार्कडाउन’ या साध्या खूणपद्धतीत शब्दाच्या दोन्ही बाजूंस तारका किंवा अधोरेषा दिली की तो तिरपा उमटतो. २०१४ च्या ‘कॉमनमार्क’ या प्रमाणरूपाने शब्दाच्या पोटातील अधोरेषेचा हा अधिकार काढून घेतला, कारण संगणकीय आज्ञावलींतील नावांत ती सतत येते. परिणामी _पुरानी बस्ती_ में बिनतक्रार वठते. _पुरानी बस्ती_त या रूपात मात्र अधोरेषा उघड्याच राहतात. तारकेने येथे निभावते, पण सर्वत्र नव्हे.

रायपूर ही ज्यांची कर्मभूमी, त्या माधवराव सप्रे (१८७१-१९२६) यांनी ‘दासबोध’ हिंदीत आणला. त्याविषयी हिंदीत लिहिताना *दासबोध* में एवढे पुरते. मराठीत *दासबोध*ात लिहावे, तर काना आपल्या व्यंजनापासून तुटून बहुधा ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकतो. यंत्र नियम पाळतेच आहे. नियम करणाऱ्यांपुढे सामान्यरूप नव्हते, इतकेच. मग लेखक ‘दासबोध मध्ये’ असे तोडून लिहू लागतो, किंवा ‘दासबोध या ग्रंथात’ असे लांबण लावतो. यंत्राच्या सोयीसाठी भाषेने अंग चोरावे, हे अभ्यासकांनी तरी मान्य करू नये.

वस्तुतः मराठी मुद्रितशोधकांनी हा प्रश्न केव्हाच सोडविला आहे. ते ‘दासबोधा’त असे छापतात: सामान्यरूप अवतरणाच्या आत, प्रत्यय बाहेर. हीच रीत *दासबोधा*त अशी उचलावी. ‘मार्कडाउन-इट’सारख्या साधनांना प्लगिन, म्हणजे पूरक आज्ञावली, जोडता येतात, तारकांतील मजकूर तिरपा न करता एकेरी अवतरणात उतरविणे हे अशा प्लगिनला सहज शक्य आहे. नाही तरी तिरपे अक्षर हा रोमन मुद्रणाचा वारसा. देवनागरी टंकांत त्याचा स्वतंत्र साचा क्वचितच असतो, आणि यंत्र सरळ अक्षरालाच कलते करून वेळ मारून नेते.

अवतरणे मात्र प्लगिननेच द्यावीत. लेखकाने ती हाताने घालून *‘दासबोधा’*त असे लिहिले, तर अवतरणचिन्ह आणि ‘त’ यांच्यामध्ये सापडलेली तारका कॉमनमार्क बंद करणारी खूण म्हणून ओळखतच नाही.