एकच मिनिट हं!

“अरे, हे तर अगदी आपल्या पालखीसारखंच!”

गोव्यात ख्रिस्ती मिरवणूक बघणारा मराठी माणूस पहिल्या पाच मिनिटांत हे वाक्य बोलतो. मीही बोललो. वर फोटो काढले. आज या दोन्ही गोष्टींबद्दल भांडायचं आहे, आणि सुरुवात स्वतःपासूनच करतो.

७ एप्रिल २०२५, सोमवार. आम्ही कोडोलीहून गोवा वेल्ह्याला गेलो होतो. (हे ओल्ड गोवा नव्हे. पणजी-मडगाव रस्त्यावरचं, झुआरीकाठचं जुनं गाव. कदंबांचं गोपकपट्टण ते हेच.) ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळातल्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी तिथल्या सेंट अँड्र्यू चर्चमधून संतांची मिरवणूक निघते. कपडे घातलेल्या, माणसाएवढ्या दोन डझनांहून जास्त मूर्ती एकामागून एक खांद्यावरून जातात.

मला तर मूर्तींचंच नवल. आमच्या कोडोलीत मिशन हॉस्पिटल आहे, चर्च आहे, पण ते प्रोटेस्टंट. मूर्ती नसतात तो ख्रिस्ती धर्म, एवढीच माझी अक्कल. म्हणून फोन काढला आणि थेट वाटेत शिरलो. समोर एक म्हातारी बाई, हातात जपमाळ, ओठ हलताहेत. मी म्हटलं, “एकच मिनिट हं, मावशी!” त्या थांबल्या. काही बोलल्या नाहीत. फोटो चांगला आला.

पुढच्याच शनिवारी, १२ एप्रिलला, चैत्र पौर्णिमा. म्हणजे जोतिबाची यात्रा. डोंगर आमच्याच पन्हाळा तालुक्यातला, लहानपणापासूनचा. गुलालात न्हालेली माणसं, तीस-चाळीस फुटी सासनकाठी, दोऱ्या ताणून तोल सावरणारी पोरं. आणि बरोबर त्यांच्यापुढे एक परका माणूस मोठा कॅमेरा घेऊन उभा! मी ओरडलो, “ए, बाजूला हो! देव चाललाय, दिसत नाही?”

तो हसून म्हणाला, “एकच मिनिट.”

काय बोलणार? माझेच शब्द, पाचव्या दिवशी परत. फरक एवढाच की मावशी थांबल्या होत्या आणि मी खेकसलो होतो.

आता कुणी म्हणेल, रस्ता सार्वजनिक आहे आणि मिरवणूक रस्त्यावर आणतात ती लोकांनी बघावी म्हणूनच ना? अगदी बरोबर. पण बघावी! ही मिरवणूक फ्रान्सिस्कन साधूंनी सतराव्या शतकात सुरू केली. संत आहेत ते फ्रान्सिसच्या तिसऱ्या संघाचे. हा संघ मठातल्यांचा नाही, घरदार सांभाळून फ्रान्सिसच्या नियमानं चालणाऱ्यांचा. फ्रान्सचा राजा नववा लुई, हंगेरीची एलिझाबेथ यांना तो आपले मानतो. संसारी माणसांना संसारातून संत झालेली माणसं दाखवायची, असा तो बेत. आम्ही मात्र ती पडद्यावर दोन बोटांनी मोठी करून बघत होतो.

दुसरा शहाणा म्हणतो, हे सगळं पोर्तुगीजांचं उरलंसुरलं. त्याला सांगा, १८३५ मध्ये गोव्यातले साधूंचे संघ बंद केले ते पोर्तुगीज सरकारनंच. मिरवणूकही थांबली. पुढे ती पुन्हा सुरू झाली आणि आजही चालू आहे. सत्ता गेली, साठ वर्षं उलटून गेली, तरी लोक खांदा देताहेत. उरलंसुरलं असं असतं होय?

आणि ते “आपल्यासारखंच”? दिसायला प्रेमळ वाक्य आहे, पण आळशी आहे. तिसरा संघ म्हटल्यावर मलाही लगेच संसारी वारकरी आठवला होता. आठवू दे, पण तिथंच थांबलो तर पुढे विचारायला काही उरत नाही. मावशी कसला जप करत होत्या? मी विचारलंच नाही. त्यांची मिरवणूक आपल्यासारखी असेल तरच आदर करायचा की काय? नसली तर?

तसं खरोखरच सारखं असलेलं एक आहे. वसंतसंपातानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्या वर्षी जोतिबाची पौर्णिमा आणि ईस्टर ठरवणारी पौर्णिमा एकच होती. चंद्र एक, पण त्याखाली चालणारी माणसं वेगळी, त्यांचं मागणं वेगळं. ते वेगळंच राहू द्यावं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. जरूर जा. पण कडेला उभे राहा, फोन खिशात ठेवा, वाट सोडा. मिरवणूक संपली की जत्रेतून हातपंखा घ्या आणि विकणाऱ्याला दोन प्रश्न विचारा. पाहुण्यानं एवढं करावंच.

तो फोटो अजून माझ्याकडे आहे. मूर्ती झकास आली आहे. कोपऱ्यात मावशींचा अर्धा चेहरा आहे, थांबलेला. पुसून टाकणार होतो, पण ठेवलाय. पुढच्या वेळी हात खिशाकडे गेला तर आठवण राहावी म्हणून.