खटका आणि कळ

मराठी शिकविणाऱ्याने विजेच्या वाटेस जाऊ नये, असे आमच्या घरातले एकमत आहे. तरी यंदा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून वडिलांचा जुना ४८६ संगणक खाली आला आणि मी त्या वाटेस गेलोच. आजीच्या तोंडून उतरून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या वडिलांनी त्यात ठेवल्या होत्या. मूळ वही वाळवीने खाल्ली. आजी गेली, वडीलही गेले. उरले हे धूड, आणि त्याचा एसएमपीएस जळालेला!

शेजारच्या एका विद्यार्थ्याने नवा एटीएक्स एसएमपीएस आणि जुन्या मदरबोर्डासाठी लागणारा जोड आणला. "सर, दोन्ही जोडांच्या काळ्या तारा मधोमध, शेजारीशेजारी. उलटे बसवलेत तर मदरबोर्ड गेला!" हे मी पाठ केले. मग जुन्या खटक्याच्या चार जाड तारा हाती घेतल्या, तसा तो ओरडलाच, "सर, ह्यांतून २३० व्होल्ट जायचे!"

मग माझा वर्ग भरला. जुन्या यंत्रात खटका घरची वीजच तोडीत असे. १९९५ साली इंटेलने एटीएक्सची रीत आणली. तिच्यात डबा सदा अर्धा जागा असतो. जांभळ्या तारेवर पाच व्होल्ट तयार. हिरवी तार काळीला जोडली की बाकीचे चालू, सुटली की बंद. नव्या पेटीवरची कळ मदरबोर्डाला नुसता इशारा देते. हिरवीला धरून ठेवणे हे मदरबोर्डाचे काम. आमच्या म्हाताऱ्याला ही विद्या कुठली? कळ लावली तर बोट उचलताच अंधार! त्याला हवा दाबला की दबून राहणारा खटका.

तेव्हा जुन्या खटक्याच्या जाड तारा काढून टाकल्या आणि त्यालाच हिरवी-काळी जोडली. बॅटरी संपल्यामुळे यंत्र आपली हार्ड डिस्कच विसरले होते. डिस्कवर छापलेले आकडे भरले, तेव्हा कुठे ओळख पटली.

खटक्याचा 'खट्ट' ऐकून आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. वडिलांच्या वेळचा तोच आवाज. ती काही बोलली नाही. पडद्यावर ओव्या उमटल्या, मी वाचू लागलो. चौथ्या ओवीला तिने मला थांबविले.

"इथे एक शब्द चुकलाय. सासूबाई असं म्हणत नसत."

मराठीच्या प्राध्यापकाने मुकाट्याने वही उघडली.