दगडाची घडी मोडते तेव्हा

श्रीलंकेतले झिरकॉनचे खडे जवाहिऱ्यांच्या चांगल्या परिचयाचे. पण त्यांतले काही हिरवट, धुरकट निघतात, आणि वजनालाही हलके! पाण्याच्या ४.७ पट जड असायचा तो खडा जेमतेम चौपट भरतो. यात लबाडी कुणाची नाही हो. खड्यात उपजतच थोडे युरेनियम असते. त्याच्या अणूतून अल्फा कण सुटला की उरलेला अणुगर्भ गोळी सुटलेल्या बंदुकीसारखा मागे हटतो आणि आसपासचे हजारो अणू जागचे हलवतो. सुमारे ५५ कोटी वर्षे हे चालल्यावर स्फटिकाची घडी मोडायचीच. खडा फुगतो आणि काचेसारखा होतो.

आता गंमत पाहा. अणुभट्टीच्या कचऱ्यातले प्लुटोनियम अशाच स्फटिकात कोंडावे, असा शास्त्रज्ञांचा एक बेत. ते निम्मे व्हायलाच २४,००० वर्षे लागतात. पण केंब्रिजचे इयन फार्नान व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली हिशेब मांडला, तर शेकडा दहा प्लुटोनियम भरलेल्या झिरकॉनची घडी १,४०० वर्षांतच मोडेल असे निघाले. कैदी धडधाकट आणि कोठडीच खचली!

उलट केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूतला मोनाझाइट पाहा. त्यात शेकडा आठ-नऊ भाग थोरियम ऑक्साइड, म्हणजे मारा कितीतरी अधिक. तरी कोट्यवधी वर्षांनंतरही दाणा स्फटिकच राहतो. विस्कटलेले अणू त्यात पुन्हा आपापल्या जागी येऊन बसतात, आणि त्यासाठी भट्टीची धगही लागत नाही.