मासे बदलून रंग येणार नाही

आपल्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये या वर्षात तिसऱ्यांदा नवे मासे आले. गॅदरिंगच्या आधी एकदा, कमिटीची व्हिजिट होती तेव्हा एकदा, आणि आता दिवाळीची सुट्टी संपल्यावर. दर वेळी कारण एकच, "माल खराब निघाला, रंगच गेला." माझं मत वेगळं आहे. माल चांगला होता, टाकी आपण बिघडवली.

माशाचा रंग म्हणजे भिंतीला मारलेला डिस्टेंपर नव्हे. त्याच्या कातडीत रंगपेशी असतात, त्यात काळे, पिवळे, तांबडे कण. कण पेशीभर पसरले की रंग गडद, मध्यभागी गोळा झाले की मासा फिका. हा खेळ मज्जातंतू आणि हार्मोन्स मिळून चालवतात. म्हणूनच पांढऱ्या खडीवर सोडलेला मासा काही मिनिटांत उजळतो. आपल्या टाकीत खडी कुठली? पांढरीशुभ्र, कारण "फोटोत छान दिसते".

निऑन टेट्राची निळी पट्टी तर रंगद्रव्यसुद्धा नाही. ग्वानिनच्या पातळ स्फटिकांवरून परतणारा तो प्रकाश आहे. रात्री ती पट्टी आपोआप मावळते, सकाळी उजेडात परत येते. हे माहीत नसल्याने काय झालं ते सगळ्या विंगला ठाऊक आहे. सबमिशनच्या रात्री दोन वाजता कुणीतरी ट्यूब लावली, निऑन फिके दिसले, "आजारी पडले रे!" म्हणून अर्धी बाटली मिथिलिन ब्लू ओतली. सकाळी पाणी शाईसारखं. मग काय, टाकी रिकामी करून निरम्याने घासली.

खरी गोची इथेच आहे. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू खडीत आणि फिल्टरच्या स्पंजवर वाढतात, आणि नव्या टाकीत त्यांचा जम बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपण टाकी घासली की ते सगळे खलास, वरून नळाचं क्लोरीनचं पाणी. त्यात नवे पंधरा मासे! ते दोन-तीन आठवड्यांत फिके पडून मेले नाहीत तरच नवल. ऑगस्टमध्ये गोल्डफिशच्या कल्ल्यांवर काळे डाग आले तेव्हा आपण खूश झालो होतो, रंग चढतोय म्हणून. गोल्डफिशला असे डाग बऱ्याचदा अमोनियाने भाजलेली कातडी भरून येताना पडतात. पोरगं भाजलंय आणि आपण टाळ्या वाजवतोय. (गोल्डफिशला थंड पाणी हवं, निऑनला उबदार. दोघं एका टाकीत, हा आणखी एक आपला पराक्रम.)

खाण्याचंही तेच. तांबडा-पिवळा रंग ज्या कॅरोटिनॉइडमधून येतो ते माशाला शरीरात बनवता येत नाही, शेवाळातून, कोळंबीतून मिळवावं लागतं. मेसच्या चपातीचा चुरा खाऊन तो कुठून यावा? आता काही गोल्डफिश वयाप्रमाणे आपोआप पांढरे होतात हे मान्य. पण सगळेच्या सगळे, एका महिन्यात?

दुकानदाराने या वेळी म्हणे गुलाबी-हिरवे काचमासे दाखवले, "याचा रंग जात नाही". कृपा करून ते आणू नका. काचमासा मुळात पारदर्शक, आपल्याच देशातल्या नद्यांतला. तो रंग सुईने आत टोचलेला असतो. काही महिन्यांत जातोच, आणि बरेच मासे त्याच्या आधीच जातात.

रेक्टर सरांना माझी विनंती आहे की आता दोन महिने एकही नवा मासा घेऊ नये. तेवढ्या पैशात अमोनियाची टेस्ट किट, गडद खडी आणि बरं खाद्य येईल. टाकी टीव्हीमागच्या अंधारातून काढून दिवे रोज ठरल्या वेळी लावावेत. पाणी पूर्ण न बदलता आठवड्याला पाव भाग बदलावं, तेही क्लोरीन काढून. स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. दर रविवारी हे काम मी करायला तयार आहे. फक्त साबण न लागलेली एक बादली कुणीतरी द्या, माझी गेल्या सेमला बाथरूममधून गेली ती गेलीच.