उन्हाच्या शहरात उन्हावाचून

जयपूरला कशाची वानवा असेल ती असो, उन्हाची नाही. मे महिन्यात मानसरोवरच्या रुंद रस्त्यांवर दुपारी चिटपाखरू दिसत नाही आणि पारा पंचेचाळिशीला टेकतो. अशाच एका दिवशी, ऊन चढण्यापूर्वी, माशांचे खाद्य आणावयास एका दुकानात गेलो होतो. रस्त्याकडेच्या काचेलगत एक काचपेटी, तिच्यात प्लास्टिकची वेल, वेलीवर एक शॅमेलिऑन. म्हणजे आपल्याकडे ज्याला घोयरा म्हणतात त्याचा परदेशी भाऊबंद. डोक्यावरच्या उंच शिरस्त्राणावरून तो यमन आणि सौदी अरेबियाच्या डोंगराळ भागातला, हे उघड होते. सकाळचे दहा वाजले होते आणि त्याचे डोळे मिटलेले होते. पुढच्या पायांची हाडे धनुष्यासारखी वाकली होती. अंगाचा हिरवा रंग मावळून काळपट तपकिरी झाला होता. ‘बहुत शांत है, काटता नहीं,’ असे त्याचे कौतुक मला ऐकवण्यात आले.

दुकानदार निष्ठुर नव्हता. पेटी स्वच्छ होती, वाटीत रोज ताजे गाळलेले पाणी भरले जात होते, वर निळ्या एलईडीची पट्टी होती, खायला किडे होते. अतिनील किरणांचा दिवा कुठे आहे, असे विचारले तेव्हा त्याने निःशंकपणे काचेबाहेर बोट दाखवले. ‘धूप तो सामने से आती है ना, भाईसाब.’

या उत्तरातच सारा घोटाळा साठवलेला आहे. काचेतून उजेड येतो, ऊब येते. परंतु साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे जे ‘अतिनील-ब’ किरण या प्राण्याच्या त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व घडवतात, ते साधी काच जवळजवळ पूर्णपणे अडवते. ‘ड’ जीवनसत्त्व नसेल तर अन्नातले कॅल्शियम आतड्यातून रक्तात नीट उतरत नाही. मग रक्तातील कॅल्शियमची पातळी राखण्यासाठी शरीर आपल्याच हाडांतून ते काढू लागते. हाडे मऊ पडतात, पाय वाकतात, जबडा रबरासारखा होतो. शॅमेलिऑनची जीभ ज्या सांगाड्याच्या आणि स्नायूंच्या आधारावर भक्ष्याकडे झेपावते, तोच आधार दुबळा झाला की समोरचा किडाही त्याला टिपता येत नाही. पशुवैद्यक याला ‘मेटाबॉलिक बोन डिसीज’ म्हणतात. मानसरोवरातला तो सरडा भारतातल्या अत्यंत उन्हाळ शहरांपैकी एका शहरात, उन्हापासून चार मिलिमीटर अंतरावर, उन्हाअभावी मोडत चालला होता.

त्याच्या आहारातही हीच अदृश्य खोट होती. रातकिड्यांत आणि पिठातल्या अळ्यांत फॉस्फरस अधिक, कॅल्शियम अगदी थोडे. म्हणून जाणकार पाळणारे किड्यांना आधी सकस पाला खाऊ घालतात आणि मगच, वर कॅल्शियमची पूड भुरभुरून, ते सरड्यासमोर ठेवतात. ‘ड’ जीवनसत्त्वही पुडीतून देता येते, पण तिथे मात्रा चुकली तर अपाय दुसऱ्या बाजूने होतो. उन्हात हा धोका नाही, कारण प्राणी स्वतःच किती वेळ बसायचे ते ठरवतो. टेक्सासमधील संशोधकांनी २००९ साली मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर केलेला प्रयोग या बाबतीत मनोवेधक आहे. ज्यांच्या आहारात ‘ड’ जीवनसत्त्व कमी होते ते सरडे अतिनील किरणांत अधिक वेळ बसले. ज्यांना ते पुरेसे मिळत होते ते कमी बसले. म्हणजे आपल्याला काय हवे हे या प्राण्याला आतून कळते. काचपेटीत त्या कळण्याचा उपयोग काय? सरड्याची धाव कुंपणापर्यंत असे आपण म्हणतो. इथे कुंपणच काचेचे आणि पलीकडचे ऊन दिसत असूनही न मिळणारे.

पाण्याची गोष्ट याहून करुण आहे. झाडावर जन्म काढणारा हा जीव पानांवरचे दवबिंदू आणि पावसाचे थेंब टिपतो. वाटीतले स्थिर पाणी हे पाणी आहे, याची जाण बहुतेकांना होतच नाही. थेंब हलावा, चमकावा, पानावरून ओघळावा, तेव्हा त्याची जीभ बाहेर येते. परिणामी काठोकाठ भरलेल्या वाटीशेजारी तो तहानेने सुकतो. डोळ्यांचे फुगीर बुरूज आत खोल जाऊ लागले की निर्जलीकरण बरेच पुढे गेले असे समजावे. जयपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात, त्यात दुकानात वातानुकूलन यंत्र चालू असताना, ही अवस्था यायला फार दिवस लागत नाहीत.

आणि रंग! जगभर हा प्राणी ज्या गुणामुळे विकला जातो, त्याविषयीच सर्वाधिक गैरसमज आहेत. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले की पँथर शॅमेलिऑनच्या त्वचेतील विशिष्ट पेशींत ग्वानीनच्या अतिसूक्ष्म स्फटिकांची जाळी असते. प्राणी स्वस्थ असताना स्फटिक दाट बसलेले असतात आणि निळा प्रकाश परावर्तित होतो. उत्तेजित होताच त्यांच्यातील अंतर वाढते आणि पिवळा, तांबडा रंग उमटतो. हा बदल मुख्यतः प्रतिस्पर्ध्याला वा जोडीदाराला दिलेला संदेश असतो. ऊब शोषण्यासाठी अंग गडद करणे हेही एक कारण. मागच्या भिंतीच्या रंगाशी जुळवून घेण्याची जी करामत लोकांना दुकानात पाहायची असते, ती तो करत नाही. त्याला दुसऱ्या सरड्यासमोर, किंवा आरशासमोर, धरून जे रंग ‘उमलवले’ जातात ती भीती आणि चीड असते. एकटे राहणाऱ्या या जीवाला दुसरा सतत दिसत राहणे हीच यातना आहे. आपल्या भाषेने सरड्याच्या रंगबदलाला संधिसाधूपणाचे रूपक करून ठेवले आहे. खरे पाहता आपली मनःस्थिती इतक्या उघडपणे अंगावर मिरवणारा प्राणी विरळा. वाचणारा मात्र दुकानात नसतो.

मादीच्या वाट्याला आणखी एक संकट येते. यमनी शॅमेलिऑनची मादी नराशी संबंध न येताही अंडी धरते, आणि भरपूर खाद्य व ऊब मिळाली तर डझनांनी धरते. अंडी घालण्यासाठी तिला ओलसर मातीत बीळ खणायचे असते. काचेच्या तळावर वर्तमानपत्र अंथरलेले असेल तर ती खणणार कुठे? ती अंडी पोटातच अडवून ठेवते आणि त्यातच मरते. ‘कालपर्यंत खात होती हो,’ असे मालक सांगतो, आणि ते बहुधा खरेही असते.

हे सारे एका शहरातल्या एका दुकानाचे रडगाणे वाटेल, म्हणून दोन आकडे देतो. ब्रिटनमधील सरीसृप पाळणाऱ्यांचा एक अभ्यास २०१५ साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात आला. आपल्या घरात प्राणी मेला हे लोक सरळ कबूल करत नाहीत, म्हणून उत्तर देणाऱ्याला आडोसा मिळेल अशी प्रश्नपद्धती त्यात वापरली होती. एकंदर सरीसृपांपैकी घरी आणल्यापासून वर्षभरात मरणाऱ्यांचे प्रमाण ३.६ टक्के निघाले. अजगरवर्गातील बोआ सापांचे १.९ टक्के. शॅमेलिऑनचे २८.२ टक्के. तेही अशा देशात, जिथे अतिनील दिवे सहज मिळतात आणि सरीसृपांचे वैद्यही आहेत. ज्या प्राण्याचे चारांतील एकाहून अधिक नमुने पहिल्या वर्षातच दगावतात, तो ‘नवशिक्यांसाठी सोपा’ म्हणून गल्ल्याशेजारी मांडणे हा व्यापार नव्हे, फसवणूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरी पोहोचण्यापूर्वीच्या मरणांचा यात हिशेब नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्यात २००९ च्या डिसेंबरात एका घाऊक विक्रेत्याकडून २६,४०० हून अधिक प्राणी जप्त झाले. त्यांपैकी सुमारे ८० टक्के आजारी, जखमी वा मेलेले होते. आपल्या मुंबईत, ऑक्टोबर २०२२ मध्ये, सहारच्या हवाई मालवाहतूक संकुलात महसूल गुप्तचर संचालनालयाने शोभेच्या माशांच्या नावाखाली आलेले ६६५ परदेशी प्राणी पकडले. कासवे, साप, सरडे, इग्वाना. त्यांतील ११७ पेटी उघडली तेव्हा मेलेले होते. जिवंत राहिलेल्यांतले जे तपासणीतून निसटतात, त्यांचीच पुढची पायरी मुंबई, पुणे, जयपूर येथील काचपेटी असते.

कायदा यावर काय म्हणतो? आपल्या देशातला घोयरा, ‘कॅमेलिओ झेलॅनिकस’, वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. त्याला पकडणे, विकणे, बाळगणे हा गुन्हा आहे. परदेशी शॅमेलिऑनबाबत बराच काळ पोकळी होती. २०२० च्या जूनमध्ये केंद्राने परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना स्वेच्छेने नोंद करण्याची मुभा दिली. २०२२ च्या दुरुस्तीने साइट्स करारातील प्रजातींना कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत स्थान मिळाले, आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी अशा प्राण्याची ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी सक्तीची केली. जन्म, हस्तांतर आणि मृत्यू यांचीही वर्दी द्यायची आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे, यात संशय नाही. पण ही सारी यंत्रणा प्राणी कुणाकडे आहे एवढेच विचारते. तो कसा आहे हे विचारत नाही. दुसरीकडे २०१८ चे प्राणी-विक्री दुकानांचे नियम कुत्रा, मांजर, ससा, गिनीपिग, उंदीर, पक्षी यांची नावे घेतात; सरपटणारे प्राणी ‘इतर’ या शब्दात सामावून जातात. ज्या जीवाला दिव्याची तरंगलांबी जुळावी लागते, त्याच्यासाठी ‘इतर’ हा शब्द अपुरा आहे.

सरसकट बंदी घाला, असे म्हणणारे मित्र मला भेटतात. त्यांचा संताप मला कळतो, तरी उपाय पटत नाही. या प्राण्यांना वर्षानुवर्षे उत्तम सांभाळणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्याकडे जाळीचे उंच पिंजरे असतात, खरी झाडे असतात, तुषार सोडणारी यंत्रणा असते. शिवाय बंदीने सहारच्या पेट्या थांबतील असे मानायला आधार नाही. ‘आमचा माल बंदिस्त पैदाशीचा आहे’ हा दुकानदारांचा दावाही खोटाच असेल असे नाही. फक्त तो भलत्याच प्रश्नाचे उत्तर आहे. पैदास कुठे झाली यावरून जंगल वाचले की नाही हे ठरेल. हाडे वाचतील की नाही ते दिव्यावर ठरते.

माझी मागणी मर्यादित आहे. मृत्यूची वर्दी कायद्याने मागितलीच आहे, तर तिची प्रजातीनिहाय आकडेवारी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने दरवर्षी प्रसिद्ध करावी: किती शॅमेलिऑन नोंदले गेले, त्यांतले किती पहिल्या वर्षात मेले, कोणत्या राज्यात. ब्रिटनला जे प्रश्नावली फिरवून अंदाजावे लागले, ते आपल्याला नोंदवहीतून थेट काढता येईल. वैज्ञानिकांना माहितीचा खजिना मिळेल आणि विकत घेणाऱ्या बापाला, मुलाच्या हट्टापुढे मान तुकवण्याआधी, एक आकडा वाचता येईल. तोवर राज्य प्राणी कल्याण मंडळांनी एवढे तरी करावे, की अतिनील-ब दिवा आणि ठिबकणारे पाणी ज्या दुकानात नाही, त्या दुकानाला शॅमेलिऑन ठेवू देऊ नये. तपासणीला पाच मिनिटे लागतात.

ज्यांच्या घरी हा प्राणी आधीच आहे, त्यांच्यासाठी थोडे. तुम्हाला अपराधी ठरवण्याची माझी इच्छा नाही. तुम्हाला कुणी सांगितलेच नव्हते. काचपेटीऐवजी जाळीचा उंच पिंजरा घ्या आणि त्यात जास्वंदीची कुंडी ठेवा. दिवा घेताना तो अतिनील-ब देणारा आहे का ते पाहा. निळी एलईडी पट्टी नुसती शोभेची. खऱ्या दिव्याचेही तसेच, तो उजेड देत राहतो पण अतिनील किरण काही महिन्यांत ओसरतात, म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत तो बदला. पानांवर सकाळ-संध्याकाळ पाणी फवारा आणि तो पिईपर्यंत थांबा. त्याला वेळ लागतो. दिवसा डोळे मिटून बसत असेल तर त्याला शांत समजू नका, सरीसृपांची माहिती असलेल्या पशुवैद्यकाकडे न्या. आणि जयपुरात असाल तर उन्हाळ्यात सकाळी सात ते आठ हा वेळ धरा: जाळीचा पिंजरा गच्चीवर, अर्धा उन्हात, अर्धा पाल्याच्या सावलीत, तुम्ही शेजारी. साडेआठनंतर आत आणा. मे महिन्यात त्यापुढचे ऊन त्यालाही सोसणार नाही.