पपईला दोष देऊ नका, सुनेला तर नकोच

गेल्या महिन्यात नात्यातल्या एका मुलीचं मिसकॅरेज झालं. दुसराच महिना होता. भेटायला गेलो तर ती आत भिंतीकडे तोंड करून पडलेली आणि बाहेरच्या खोलीत चौकशी समिती बसलेली! "स्कूटीवरून ऑफिसला जायची." "पपई खाल्ली असणार." "जड उचलू नको म्हटलं होतं, ऐकलं नाही." मी तिथे गप्प बसलो. त्याची लाज वाटते म्हणून आज लिहितोय.

मंडळी, पहिल्या तीन महिन्यांत आपोआप होणाऱ्या गर्भपातांपैकी साधारण निम्म्यांमागे गर्भाच्या गुणसूत्रांतली चूक असते. आईकडून 23, वडिलांकडून 23, असा 46 चा हिशेब जुळावा लागतो. स्त्रीबीजं घडायला सुरुवात होते ती मुलगी स्वतः आईच्या पोटात असताना. त्यांचं विभाजन अर्ध्यावर थांबतं आणि पुढे वीस-तीस-चाळीस वर्षांनी पुरं होतं. तोवर गुणसूत्रांना एकत्र धरून ठेवणारी प्रथिनं सैल पडतात आणि वाटणी चुकते. वय वाढतं तशी ही शक्यताही वाढते. शुक्राणूतही चूक होऊ शकते, हे मात्र कोणी बोलत नाही! आणि गर्भ तयार झाल्यावर एकाच्या दोन, दोनाच्या चार पेशी होतानाही गडबड होते. 16 नंबरचं गुणसूत्र सगळ्या पेशींत दोनाऐवजी तीन आलं, तर तो गर्भ जन्मापर्यंत पोहोचतच नाही.

म्हणजे बहुतेक वेळा ही चूक घडते तेव्हा त्या बाईला दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. पपई कुठून आली मध्ये?

याचा अर्थ गरोदर बाईला उसाच्या मोळ्या उचलायला लावा, असा नाही. थायरॉईड, मधुमेह, इन्फेक्शन ही कारणंही असतात. पुन्हा पुन्हा होत असेल तर तपासणी हवीच, पण दोघांची. एकटीची नव्हे.

आणखी एक. गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजेची तरतूद 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यापासूनच आहे. किती जणींना माहीत आहे? किती जणी मागतात? दोष आपलाच मानणारी बाई हक्क कसा मागणार?

तेव्हा पुढच्या वेळी अशा घरी गेलात तर "काय खाल्लं होतंस?" विचारू नका. "कशी आहेस?" एवढंच विचारा. आणि बाहेर समिती बसली असेल, तर माझ्यासारखे गप्प बसू नका.